पालथा हात

ओरुरोहून निघालो तेव्हा मागे सत्तावीस टन सोयापेंड,
खिशात लायसन्स,
प्लास्टिकचा वासही अजून न गेलेलं.

तांबो केमादोच्या नाक्यावर रांग दोन दिवसांची.
इतक्या उंचावर रात्री डिझेलसुद्धा कुडकुडतं,
म्हणून सगळे एका टपरीत, लामाच्या रश्श्याभोवती,
कोकाची पानं गालात धरून.
त्यांनी माझं नाव ठेवलं वावा.
वावा म्हणजे तान्हं.
तीस वर्षांचा मी, दोन पोरींचा बाप,
हसलो, दुसरं काय करणार.

मी विचारत होतो. जरा जास्तच विचारत होतो.
उतरणीला कितवा गिअर?
सातुर्निनो म्हणाला, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.
एलेउतेरिओ म्हणाला, त्याच्याही खालचा.
याचं ऐकशील तर दरीत जाशील.
मग दोघांचंच जुंपलं
वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वळणावरून,
आणि माझा प्रश्न रश्श्यासारखा गार होत बसला.

तिसऱ्याने मला शेवटच्या ट्रककडे पिटाळलं,
जा, हवेच्या दाबाची बादली मागून आण.
मी गेलो.
खरंच गेलो, टॉर्च घेऊन, चौऱ्याऐंशी ट्रक मोजत.
साठाव्याच्या आसपास कळलं होतं मला.
पण परतायचं तरी कुठल्या तोंडाने?

शेवटच्या ट्रकमध्ये बासिलिया तिकोना,
दोन वेण्या, गुडघ्यांवर घोंगडी,
एकतीस वर्षं याच रस्त्यावर.
ती हसली नाही.
सीटमागून एक रिकामी बादली काढून हातात दिली.
म्हणाली, काठोकाठ भरलीय. सांडू नकोस.

ती बादली मी दोन्ही हातांनी
जपून टपरीपर्यंत आणली.
कोणीतरी जागा करून दिली बसायला.

सकाळी चाकांवर दारू शिंपडली, आधी मातीला, मग टायरांना.
शिक्के बसले.
आणि सीमेपलीकडे रस्ता
समुद्राच्या दिशेने जो सुटला तो सुटलाच.

पुत्रेच्या खाली कुठेतरी
विसरलेला तवा चुलीवर जळावा तसा वास आला.
ब्रेक दाबला तर पाय नुसताच आत गेला, मग थोडा अडला.
पोटात गोळा.
खडीच्या पट्टीवर कसाबसा थांबलो.
चाकांतून निळसर धूर.
सातुर्निनो हॉर्न वाजवत गेला. एलेउतेरिओही.
तो हॉर्न चिडवण्याचा की विचारपुशीचा,
मला अजून नीट सांगता येत नाही.

बासिलिया थांबली.
चाकाखाली दगड लावला,
ड्रमजवळ हात नेला, पालथा,
न टेकवता, पोराचा ताप बघतात तसा.
मी तळवा पुढे केला तर फटका मारला.
तळवा भाजला तर स्टिअरिंग कशाने धरशील?

मग पाऊण तास आम्ही चहा पीत बसलो.
समोर वाटेवर मेलेल्यांसाठी बांधलेली चिमुकली घरं,
एकावर गंजलेलं स्टिअरिंग.
ती त्याबद्दल बोलली नाही. मीही नाही.
शेवटी न राहवून विचारलं,
गिअर कितवा?
तुझ्या ट्रकला विचार, ती म्हणाली,
इतका वेळ ओरडतोय बिचारा.

खाली आरिका. समुद्र.
आमच्या देशात तो नाही,
शाळेत नकाशावर बोट ठेवून आम्ही त्याच्यासाठी गायचो.
निघताना पोरींनी बजावलं होतं,
पहिल्यांदा दिसला की नीट बघ, आम्हाला सांग.

बंदराच्या काट्यावर रांग लागली होती.
डावीकडे काहीतरी लांबवर चमकत होतं.
मी उतरलो, वाकलो,
एकेका ड्रमजवळ पालथा हात धरला.
पहिला कोमट. दुसरा कोमट. तिसरा...
मागून कोणीतरी ओरडलं, वावा, गाडी पुढे घे!